नाव पुकारल्यावर

मुस्लिम मुले वर्गात हात वर का करीत नाहीत, असा प्रश्न काही शिक्षक विचारतात आणि उत्तरही तेच देऊन टाकतात: "त्यांच्यात आत्मविश्वासच नसतो." निदान झाले, जबाबदारी संपली!

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाची मांडणी केली. हा विश्वास भाषणे ऐकून फारसा येत नाही, स्वतः काही करून दाखविल्याने येतो. आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेले पाहूनही येतो. मात्र बांडुराने केलेला एक भेद आपल्याकडे विसरला जातो. 'मला हे जमेल' ही एक अपेक्षा आणि 'जमल्यावर त्याचे फळ मला मिळेल' ही दुसरी. पहिली शाबूत असूनही दुसरी मोडलेली असू शकते.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग याबाबत डोळे उघडणारा आहे. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मुलांना कागदावर वाट शोधण्याची कोडी दिली होती, सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक रुपया. जात कोणालाच सांगितली नव्हती, तेव्हा दलित मुले आणि उच्चवर्णीय मुले सारखीच ठरली. मग सर्वांसमक्ष मुलाचे नाव, बापाचे, आजोबाचे नाव आणि जात पुकारली गेली. दलित मुलांची कामगिरी घसरली. तीच मुले, तीच कोडी. पुढे बक्षीस कोणाला हे चिठ्ठी टाकून ठरेल असे सांगितले, तेव्हा ही तफावत नाहीशी झाली. चिठ्ठी जात पाहत नाही, माणूस पाहतो, हे त्या पोरांना कोणी शिकविले होते?

आपल्याकडे जात पुकारावी लागत नाही, हजेरी पुरेशी असते. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कप्तानी करणारा, भांडण मिटविणारा मुलगा वर्गात मुका होतो, तो भित्रा म्हणून नव्हे. त्याने हिशेब केलेला असतो.

हाच हिशेब बापही करतो: "शिकून कुठे नोकरी मिळणार? गॅरेजला लाव." शिक्षणाचे रूपांतर नोकरीत होईल याची समाजाला खात्री वाटत नाही, हे सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदविले आहे. बाप खोटे बोलत नाही. पण ते अर्धेच सत्य असते आणि पोराचा हात खाली ओढायला तेवढे पुरते. उलट, 'मेहनत कर, सगळे मिळेल' असे सत्कार समारंभात सांगणारे आपले पुढारी (स्वतःची मुले मात्र महागड्या इंग्रजी शाळेत) त्याहून मोठी फसवणूक करतात. कारण मग अपयशाचा सारा दोष पोराच्याच माथी येतो. मला विचाराल तर, मुलाला अन्याय आहे हे सांगावे, पण नशीब म्हणून सांगू नये. कोणी केला आणि कोण त्याच्याशी लढले, हेही सांगावे.

नावाचा परिणाम व्यवस्थेला ठाऊक नाही असेही नाही. दहावीच्या उत्तरपत्रिकेवर नाव लिहू देत नाहीत, बैठक क्रमांक असतो. पण ते काही दिवसांपुरतेच. वर्षभराच्या वर्गात साठ मुलांतल्या एकुलत्या एका मुस्लिम मुलीला बाई सहज, चांगल्या मनानेच विचारतात, "तुमच्यात असं चालतं का गं?" त्या क्षणी ती विद्यार्थिनी राहत नाही. तिला साऱ्या समाजाच्या वतीने उत्तर द्यायचे असते, आणि गणिताचा तास सुरू असतो.