लज्जेचा प्रश्न

२४ मार्च २०२० रोजी टाळेबंदी जाहीर झाली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मनोवस्थेची त्यानंतरची चर्चा बहुतांशी एकाकीपणा आणि चिंता या दोन शब्दांभोवतीच फिरत राहिली. मला विचार करावासा वाटतो तो लज्जेचा.

अपराधभाव कृतीतून उद्भवतो. लज्जा दुसऱ्याच्या दृष्टीतून. अंतिम वर्षाच्या परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला. परीक्षा झाल्या, अनेक ठिकाणी घरबसल्या. तरीही 'कोरोना बॅच' हा शिक्का त्या मुलांच्या कपाळी बसलाच. जो दोष आपला नव्हे, त्याची लाज माणसाला का वाटावी?

ऑनलाइन तासाला पडद्यावर काळ्या चौकटी दिसत. कॅमेरा बंद ठेवणे हा मी (तीस वर्षे शिकविल्याच्या तोऱ्यात म्हणा) अनादर मानीत असे. त्या चौकटीआड आपण कोणाच्या दृष्टीपासून लपले जात आहे, हा प्रश्न मनाला शिवलाही नाही. एकदा एका विद्यार्थिनीचा कॅमेरा चुकून उघडला. एकच खोली, मागे आजारी वडील निजलेले, शेजारी शेगडीवर भात. क्षणार्धात चौकट पुन्हा काळी झाली.

'क्षमा करा, सर,' ती म्हणाली. मी हजेरी पुढे चालू केली.