तांबड्या पेशीचे दुसरे काम

माशाच्या रक्तातील तांबड्या पेशीला केंद्रक असते. माणसाच्या तांबड्या पेशीला नसते. हा फरक जुनाच ठाऊक आहे. इ.स. १७००च्या सुमारास लेवेनहूकने सूक्ष्मदर्शकाखाली सामन माशाच्या रक्तपेशीत मधोमध वेगळा भाग पाहिला होता. पण त्या केंद्रकाचा विषाणूंशी लढण्याशी संबंध असेल, हा विचार रुजायला पुढची तीनशे वर्षे गेली.

एवढा उशीर झाला, कारण अभ्यासाचा मापदंड माणसाचे रक्त हाच होता. १८६४ साली होप-सायलरने हिमोग्लोबिनला नाव दिले आणि तांबडी पेशी प्राणवायूची वाहक ठरली. १८८२ साली मेच्निकोफने जंतू गिळणाऱ्या पेशींची कल्पना मांडली आणि संरक्षणाचे काम पांढऱ्या पेशींच्या वाट्याला गेले. माणसापुरती ही वाटणी बऱ्याच अंशी बरोबर होती; चूक झाली ती सगळ्या प्राण्यांना लावण्यात. या वाटणीला पहिला धक्काही मानवी रक्तानेच दिला. प्रतिपिंडांनी वेढलेले जंतू तांबड्या पेशींना चिकटतात आणि मग पांढऱ्या पेशी त्यांना सहज गिळतात, हे १९५३ साली नेल्सनने दाखवले. पण केंद्रकाविना माणसाची ही पेशी नवी प्रथिने घडवू शकत नाही. तिची मदत तेवढ्यावरच थांबते. केंद्रक असलेल्या माशाच्या पेशीचे तसे नाही.

वाशिम जिल्ह्यातील इंझोरीच्या परिसरात, विदर्भात इतरत्र असतात तसेच, रोहू, कटला, मृगळ हे गोड्या पाण्यातले मासे ओळखीचे आहेत. रोहूच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून गिम्सा रंग दिला, की सूक्ष्मदर्शकाखाली लांबट गोल पेशींची दाटी दिसते. प्रत्येकीचा काठ फिकट गुलाबी आणि मध्ये गडद जांभळे केंद्रक. पांढऱ्या पेशी त्या गर्दीत शोधाव्या लागतात. संख्येने इतक्या जास्त आणि अंगभर फिरणाऱ्या पेशींत जनुके शाबूत असतील, तर त्या नुसते ओझे वाहत असतील हे मानणेच अवघड होते.

१९५७ साली आयझॅक्स आणि लिंडनमान यांनी इंटरफेरॉन शोधले. विषाणू शिरलेली पेशी हे प्रथिन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. २००८ साली सामनच्या तांबड्या पेशींत संसर्गजन्य रक्तक्षयाचा विषाणू सोडून पाहिल्यावर त्यांतही इंटरफेरॉनचे जनुक कार्यरत झाल्याचे आढळले. २०११ साली ट्राउट आणि कोंबडी या दोघांच्या तांबड्या पेशी रोगजंतूंच्या खुणा ओळखून जनुकीय प्रतिसाद देतात, असे दिसले. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीलाही केंद्रक असते, म्हणून ही जोडी महत्त्वाची.

पेशीतले काम असे चालते. विषाणूचा दुपदरी आरएनए टीएलआर-३ सारखे ग्राही ओळखतात. तो इशारा केंद्रकापर्यंत जातो, इंटरफेरॉन तयार होते आणि पाठोपाठ एमएक्स, पीकेआर ही विषाणूची वाढ रोखणारी प्रथिने बनतात. थंड पाण्यात माशाची प्रतिपिंडे सावकाश तयार होतात, त्यामुळे हा पहिला प्रतिकार मोलाचा.

पण तो दर वेळी यशस्वी होत नाही. २०१७ साली स्पेनमधील प्रयोगांत काही विषाणूंची वाढ ट्राउटच्या तांबड्या पेशींत खुंटली. उलट, पिसाइन ऑर्थोरिओव्हायरस हा विषाणू सामनच्या तांबड्या पेशींतच वाढतो, हे २०१४ साली नॉर्वेत दिसले होते. पेशी प्रतिकार करते, तरी विषाणू तिथे टिकतो. म्हणून तांबडी पेशी संरक्षक आहे हे मान्य करताना ती काही विषाणूंचे घरही आहे, हे विसरून चालत नाही.

हे प्रयोग मुख्यतः सामन आणि ट्राउट या थंड पाण्यातल्या माशांवर झाले. चिलापी (तिलापिया) माशाला ग्रासणाऱ्या तिलापिया लेक विषाणूची भारतातील नोंद २०१८ साली प्रसिद्ध झाली आहे. तेव्हा उबदार पाण्यातल्या रोहू, कटला आणि चिलापीच्या तांबड्या पेशींकडे याच दृष्टीने पाहायला हवे. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे आणि तळी विदर्भात आहेत; म्हणजे नमुना तळ्यावरूनच द्यावा लागणार. मत्स्यपालकाने एवढे ध्यानात ठेवावे, की तांबड्या पेशींच्या अशा तपासणीला मेलेल्या माशाचे रक्त चालत नाही, कारण त्यातला आरएनए लवकर नासतो. मासे सुस्तावलेले दिसताच, ते जिवंत असतानाच नमुना द्यावा.