आप्तवाक्य आणि मोटारीचा काटा

पुष्कळ मोटारींत चालकासमोर उष्णतादर्शक काटा असतो. थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांत तो मधल्या रेषेपर्यंत चढतो आणि मग इंजिनातले कूलंट ८५ अंशांवर असो की १०० अंशांवर, तेथून तसूभरही हलत नाही. हे यंत्राचे वैगुण्य नव्हे; ती बुद्धिपुरस्सर केलेली योजना आहे. खंबाटकीचा चढ लागला की तापमान वाढते, पंखा सुरू झाला की उतरते, चौकात खोळंबले की पुन्हा चढते. हे सारे निरोगी इंजिनाचे नित्यकर्म आहे. दाबाखाली ठेवलेले ते मिश्रण १०० अंशांना उकळतही नाही. पण शाळेत शिकलेला १०० चा आकडा ज्याच्या मनात पक्का बसला आहे, असा गाडीचा धनी काटा हलताना पाहून धास्तावतो आणि विनाकारण गाडी दुरुस्तीला नेतो. म्हणून कर्त्यांनी मधल्या पट्ट्यातले सारे चढउतार काट्याच्या कानावरच जाऊ दिले नाहीत.

वेगदर्शकाची गोष्ट याहूनही चमत्कारिक, कारण तेथील अतिशयोक्तीला कायद्याचीच मुभा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार काट्याने खऱ्या वेगाहून कमी कधीच दाखवू नये. जास्त मात्र, खऱ्या वेगाचा दशांश आणि वर ताशी ४ किलोमीटर, इतके दाखवले तरी चालते. म्हणजे गाडी ८० ने धावत असता काटा ९२ वर असला, तरी तो निर्दोष ठरतो.

आता प्रश्न असा, की या सौम्य दिशाभुलीला असत्य म्हणावे काय? मनुस्मृतीने अप्रिय सत्यालाही आळा घातला आहे आणि प्रिय असत्यालाही. तेव्हा स्थिर काट्याला तेथे आसरा मिळणे कठीण दिसते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्ञात्याने अज्ञ जनांचा बुद्धिभेद करू नये असे सांगितले आहे, आणि एखादा चतुर अभियंता त्या उपदेशाचा दाखला देऊन आपली सुटका करून घेऊ पाहील. मला तो दाखला लागू वाटत नाही. तेथे ज्ञाता स्वतः लोकांच्या बरोबरीने कर्म करीत राहतो, ही त्या मौनाची अटच आहे; आणि काटा स्थिर करणारा अभियंता काही त्या भर दुपारी खंबाटकी चढणाऱ्या गाडीत बसलेला नसतो.

सांगलीस असलेल्या माझ्या एका भाच्याने या प्रश्नाचा निकाल शास्त्रार्थाने न लावता हातोडी-पान्ह्याने लावावयाचे ठरवले, किंवा खरे म्हणजे सोल्डरिंगच्या इस्त्रीने. मोटारीत स्टिअरिंगच्या चाकाखाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले, आणि तेही धन्याच्या जिज्ञासेसाठी नव्हे, तर धुराच्या तपासणीसाठी. पुढे ती पद्धत आपल्याकडेही आली. त्यातील सहाव्या व चौदाव्या पिनेवर ज्या दोन तारा येतात, त्यांवरून गाडीतील निरनिराळी नियंत्रणयंत्रे आपसांत बोलतात. ही बोलण्याची रीत बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली. भाच्याने आर्डुइनोची एक पाटी आणली, त्या तारांची भाषा समजणारी एमसीपी २५१५ ही चिप जोडली, इंजिन चालू असता १४ व्होल्टांपर्यंत चढणारा बॅटरीचा दाब ५ वर उतरवणारे एक मॉड्यूल बसवले, दोन ओळींचा एक निळसर डिस्प्ले लावला, आणि सारे बिऱ्हाड औषधाच्या रिकाम्या डबीत कोंबून गाडीत बसवले. “मामा, आता काट्याच्या मेहेरबानीवर राहायचं नाही,” तो मला म्हणाला, “गाडी काय म्हणते ते गाडीच्याच तोंडून ऐकायचं.”

ऐकण्याची ही रीत कोर्टातल्या जबानीसारखी असते. पाटी तारांवर एक ठरावीक सवाल टाकते. इंजिनाचे नियंत्रणयंत्र त्याचा जबाब काही अंकांत देते. जबाबात १२३ आले, तर त्यातून ४० वजा करावयाचे, की तापमान ८३ अंश निघते. शून्याखालचे तापमानही ऋण चिन्हावाचून सांगता यावे म्हणून ही ४० ची भर आधी घातलेली असते. वजाबाकीची ती एक ओळ भाच्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती, आणि तिचा त्याला जो अभिमान होता तो मला मुळीच हास्यास्पद वाटला नाही.

परंतु डिस्प्लेवर ८३ पाहताना त्याला तापमान दिसते, हे त्याचे म्हणणे मात्र मान्य करता येत नाही. कूलंटमध्ये बुडालेल्या संवेदकाचा विद्युत्‌रोध उष्णतेबरोबर घटतो. तो रोध पाहून, कारखान्यात तयार केलेल्या कोष्टकाच्या आधारे, नियंत्रणयंत्र उष्णता ठरवते. हे धुरावरून अग्नीचे अनुमान करण्याच्या जातीचे ज्ञान झाले, आणि ते कोष्टक म्हणजे त्यातील व्याप्ती. संवेदकाची तार तुटली, तर रोध अमर्याद होतो, आणि मे महिन्यातल्या सांगलीत तो डिस्प्ले पुष्कळदा निर्विकारपणे उणे ४० दाखवतो. व्याप्ती तेव्हाही अबाधित असते. हेतूच असिद्ध असतो. नैयायिकांनी हेत्वाभासांची इतकी बारीक वर्गवारी का केली, हे ज्याला कोरडे पांडित्य वाटते त्याने अशी एक तार काढून पाहावी.

आणि हे अनुमानही आपले नव्हे. ते दुसऱ्याने केलेले, आपण केवळ ऐकलेले. म्हणजे आपल्या वाट्याला येते ते शब्दप्रमाण. ज्याच्या शब्दावर विसंबावे तो आप्त कोण, हे सांगताना भाष्यकार वात्स्यायनाने दोन गोष्टी मागितल्या आहेत: वस्तूचे यथार्थ ज्ञान, आणि ती जशी जाणली तशी सांगण्याची इच्छा. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तो म्हणतो, आणि हे औदार्य पुढच्या कित्येक पंडितांना पेलले नाही. यंत्राला इच्छा नसते, हा आक्षेप येथे लगेच येईल. पण यंत्रामागे इच्छा असते, ती कर्त्याची. आणि आपल्या उदाहरणातील मौज अशी, की या दोन अंगांची येथे फारकत झालेली आहे. काट्यामागच्या मंडळींना ज्ञान पुरेपूर आहे, जसे आहे तसे सांगण्याची इच्छा नाही. भाच्याजवळ इच्छा ओतप्रोत आहे, ज्ञान मात्र सर्वस्वी उसने.

त्यातच त्या दोन तारांवर फिरणाऱ्या संदेशांवर ना सही असते ना शिक्का. संदेश कशाविषयी आहे हे त्याच्या क्रमांकावरून कळते. तो खरोखर कोणी धाडला याचा पुरावा त्यात नसतो. वाक्याचे दोष वक्त्याकडून येतात, म्हणून जेथे वक्ताच नाही तेथे दोषही नाही, अशा युक्तिवादाने मीमांसकांनी वेदाचे अपौरुषेयत्व स्थापिले. मोटारीतल्या या बेनामी वाणीला तसला सन्मान देण्याचा मोह मला क्षणभर झाला, पण येथे वक्ता नाही असे नव्हे. तो फक्त पडद्याआड आहे.

पुढचा वृत्तान्त अधिक बोधक आहे. उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे क्षणोक्षणी बदलत, आकडे लुकलुकत, आणि वाचता काहीच येत नसे. तेव्हा भाच्याने शेवटच्या काही आकड्यांची सरासरी दाखवावयास सुरुवात केली. मग घाटात ९७ दिसताच त्याची आई “अरे, गाडी तापली, थांबव” म्हणून हटकून सांगू लागली, आणि प्रत्येक वेळी दाबाचे व उत्कलनबिंदूचे प्रवचन करणे त्याला अशक्य झाले. आता त्या डिस्प्लेवर १०५ अंशांपर्यंत केवळ ‘ठीक’ एवढेच उमटते. ज्या काट्याविरुद्ध त्याने बंड केले, तोच काटा त्याने स्वहस्ते पुन्हा घडवला, आणि यावेळी घडवणारा, गीतेच्या अटीप्रमाणे, गाडीत बसलेला होता.

मग दोहोंत अंतर काय उरले? ज्ञान स्वतःच प्रमाण असते की बाहेरून पडताळावे लागते, हा मीमांसक आणि नैयायिक यांचा जुना वाद येथे उपयोगी पडतो. महामार्गावर धावताना प्रत्येक जण मीमांसकच असतो. बाधक कारण दिसेपर्यंत समोरचे ज्ञान खरे धरूनच त्याला पुढे जावे लागते. पण संध्याकाळी गाडी दारात उभी असता भाच्याला नैयायिक होता येते: तो फाइल उघडू शकतो, १०५ ची मर्यादा कोणी व का घातली हे वाचू शकतो, हवी तर बदलू शकतो. कंपनीच्या काट्याबाबत ही सोय धन्याला नाही.

मात्र ही सोय त्याच्यापुरतीच आहे. दोन-चार वर्षांनी ती गाडी विकली जाईल, आणि घेणाऱ्याला ‘ठीक’ म्हणणारी ती डबी जशीच्या तशी मिळेल. त्या माणसाच्या दृष्टीने भाचा आणि कंपनी यांत काडीचाही फरक नसेल. मी त्याला सुचवले आहे, की आर.सी. आणि विम्याच्या कागदांबरोबर त्या फाइलीची एक छापील प्रतही नव्या धन्याच्या हवाली करावी, १०५ च्या ओळीखाली खूण करून. त्याने ते मान्य केले. पण ती ओळ वाचता येणारा गिऱ्हाईक कोठून आणावयाचा, असे त्याने विचारले, आणि त्याचे उत्तर मला अद्याप देता आलेले नाही.