उसनी चाल

कोळगावातील एका लग्नघरी हळदीच्या संध्याकाळी चार मुले गिटार आणि ड्रमवर जुन्या चित्रपटगीतांच्या चाली वाजवीत होती. गायक कोणीच नव्हता. तरीही मांडवातील वडीलधारी मंडळी ओठांतल्या ओठांत शब्द गुणगुणत होती. शेजारी बसलेला एक महाविद्यालयीन तरुण मला म्हणाला, "फादर, चाल दुसऱ्याची, शब्द तर नाहीतच. मग ह्यात ह्यांचे स्वतःचे काय?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. परक्याची वस्तू आपली म्हणून मिरविणे ह्याला आपण चोरी म्हणतो. मग परक्याची चाल वाजवून टाळ्या घेणे ह्याला काय म्हणावे?

अमेरिकेतील टकोमा शहरात १९५८ साली 'द व्हेंचर्स' हा गिटारवादकांचा रॉक वाद्यवृंद स्थापन झाला. १९६० मध्ये ज्या 'वॉक, डोन्ट रन'ने त्यांना कीर्ती मिळवून दिली, ती रचना मूळची जॉनी स्मिथ ह्या जॅझ गिटारवादकाची. पुढेही इतरांची लोकप्रिय गीते शब्दांवाचून वाजविणाऱ्या कितीतरी तबकड्या त्यांनी काढल्या. आपल्याकडे व्हॅन शिप्ले ह्यांनी इलेक्ट्रिक गिटारवर आणि पुण्याच्या इनॉक डॅनियल्स ह्यांनी अकॉर्डियनवर चित्रपटगीते वाजविली. शब्द काढून घेतले की चाल निराधार होते. तिला तोलून धरणे, कोठे थांबावे आणि कोठे सूर लांबवावा हे ठरविणे, हे वादकाचे स्वतःचे कर्तृत्व होय. ह्यात चोरी नाही. चोरी आहे ती मूळ धन्याचे नाव लपविण्यात.

कायद्यालाही हे मान्य आहे. भारताच्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे उलटल्यावर, रचनेच्या हक्कदाराला आगाऊ मानधन देऊन कोणीही ते गीत पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकतो. मात्र हे मूळ ध्वनिमुद्रण नव्हे, असे वेष्टनावर स्पष्ट छापावे लागते. मूळ गायकाचे नाव वा छबी वापरून ग्राहकाची दिशाभूल करता येत नाही.

परंतु कायद्याचे देणे फिटले म्हणजे माणसाचे देणे फिटले काय? दोन कडव्यांमधील वाद्यांचे तुकडे गीताइतकेच आपल्या कानांत बसलेले असतात. ते बांधणारे वाद्यसंयोजक कोण? शंकर-जयकिशन ह्यांच्या असंख्य गीतांचे वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसोझा ह्या गोमंतकीयाने केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांचे नाव घराघरांत पोहोचले ते १९७७ च्या चित्रपटातील एका विनोदी गीतामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी गुरूला दिलेली ती मानवंदना होती, हे किती जणांना ठाऊक आहे?

जेवणे आटोपल्यावर मी त्या चौघांना विचारले, "शेवटची चाल कोणाची?" गायकाचे नाव चौघांनीही सांगितले, संगीतकाराचे एकाने. मधले वाद्यांचे तुकडे कोणी बांधले, हे एकालाही सांगता येईना. खरे सांगायचे तर मलाही नाही. तीस-चाळीस वर्षे मी ते गीत ऐकत आलो होतो.

त्या तरुणाला मी एवढेच म्हटले, "ह्यांच्यापाशी स्वतःचे पुष्कळ आहे. उसने किती घेतले आहे, तेवढे मात्र त्यांना आणि आपल्याला शोधावे लागेल." पुढच्या कार्यक्रमात प्रत्येक चालीआधी नावे सांगण्याचे मुलांनी कबूल केले आहे. एक नाव शोधण्याचे काम माझ्याकडे आले आहे.