हट्ट कुणाचा?

ब्लाइथ बाहुली अमेरिकेतल्या केनर कंपनीने १९७२ साली काढली आणि वर्षभरातच बंद केली. २००० साली जीना गॅरन यांच्या फोटोंच्या पुस्तकाने ती पुन्हा लोकांसमोर आली. डोक्यामागची दोरी ओढली की तिच्या डोळ्यांचा रंग बदलतो. ओठ मात्र तेच, मिटलेले.

माझ्याकडची एक ब्लाइथ हट्टी आहे. हनुवटी किंचित खाली, खिडकीचा उजेड एका गालावर, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवर, की हट्ट दिसलाच. तो कुणाचा? वेदान्तात दोन तऱ्हेचे भ्रम सांगतात. दोरीवर दिसलेला साप उजेड आला की जातो. स्फटिकात उतरलेली जास्वंदीची लाली मात्र, ती स्फटिकाची नाही हे कळल्यावरही दिसतच राहते. बाहुलीचा हट्ट या दुसऱ्या तऱ्हेचा. ती प्लास्टिकची आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी हट्ट जात नाही.

मग लाली सगळी माझीच? मला नाही पटत. त्याच साच्यातली दुसरी ब्लाइथ त्याच उजेडात, तशीच बसवली तरी रुसत नाही, नुसती लाजते. जास्वंद तीच असेल, तर स्फटिकही काहीतरी देतोच. या दुसरीच्या पापण्या केसभर जास्त झुकतात, आणि तेवढ्या फरकात मला वेगळी मुलगी भेटते.