दहा बोटे आणि अस्तेय

माणूस कोण आहे हे राज्याने त्याच्या देहावरील खुणांवरून ठरवावे काय, आणि ठरवलेच तर त्या खुणांचा धनी कोण, हा प्रश्न आधारच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तेव्हा तो यंत्रयुगाने नव्यानेच उत्पन्न केला आहे अशी बहुतेकांची समजूत झाली. वर्ध्याच्या माणसाला तरी तो नवा वाटू नये. कारण १९३६ साली ज्या पुरुषाने वर्ध्यानजीकच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, मातीच्या झोपडीत आपले बिऱ्हाड मांडले, त्याच्या सत्याग्रहाचा जन्मच मुळी बोटांच्या ठशांच्या सक्तीतून झालेला आहे.

दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सव्हालच्या सरकारने २२ ऑगस्ट १९०६ रोजी आपल्या गॅझेटात एक मसुदा छापला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने, मग ती स्त्री असो वा पुरुष, निबंधकापुढे रुजू होऊन बोटांचे ठसे द्यावेत, मिळालेला दाखला सदैव जवळ बाळगावा, आणि शिपायाने रस्त्यात अडवून वा घरात शिरून मागताच तो हजर करावा, असा त्याचा मतलब होता. ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात जमलेल्या हिंदी लोकांनी, हा कायदा झाल्यास त्यापुढे मान तुकवणार नाही, अशी ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घेतली. ठशांचे हे शास्त्र व्यवस्थित बसवले गेले ते आपल्याच देशात, बंगालच्या पोलीस खात्यात. एडवर्ड हेन्रीचे नाव त्या पद्धतीला मिळाले, तरी तिचे गणित बसवण्याचे श्रम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांचे होते. हेन्रीच्या ग्रंथावरून तेव्हा ट्रान्सव्हालातच असलेल्या गांधींना कळले की कायद्याने असे ठसे केवळ गुन्हेगारांकडून घेतले जातात. आणि एका सबंध समाजाला, कोणताही अपराध सिद्ध झालेला नसताना, गुन्हेगाराच्या रांगेत उभे करणे हा त्या कायद्याचा खरा दंश आहे, हे त्यांनी ओळखले.

यापुढची हकिकत अधिक विचार करायला लावणारी आहे. मसुद्याचा पुढे कायदा झाला, आणि जानेवारी १९०८ मध्ये ट्रान्सव्हाल सरकारच्या जनरल स्मट्सशी समेट झाला. हिंदी लोकांनी आपण होऊन नोंदणी करावी, मग सक्तीचा कायदा रद्द होईल, असे ठरले, असे गांधी समजून चालले. ज्यांनी कालपर्यंत ठसे देणे हे पाप मानले होते त्यांना ते आज पुण्य कसे होते हे उमजेना, आणि १० फेब्रुवारीला नोंदणी कचेरीकडे निघालेल्या गांधींवर मीर आलम नावाच्या पठाणाने जीवघेणा हल्ला केला. जखमी अवस्थेत, रेव्हरंड डोक यांच्या घरी अंथरुणावर पडल्या पडल्या, गांधींनी निबंधकाला कागद घेऊन बोलावले आणि आपल्या बोटांचे ठसे दिले. बोटे तीच होती आणि शाईही तीच होती. भेद होता तो देणाऱ्याच्या संकल्पात. सक्तीने मागितले तेव्हा जे अपमान होते, ते स्वेच्छेने दिले तेव्हा सौजन्य झाले. आणि स्मट्सने कायदा रद्द केला नाही असे दिसताच, त्याच वर्षी १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीच्या पटांगणात दोन हजारांहून अधिक दाखले कढईत घालून जाळण्यात आले, तेव्हा दिलेला संकल्प परत घेण्याचा अधिकारही माणसाचाच आहे हे सिद्ध झाले. मीर आलमही त्या सभेत होता. आपली चूक झाली असे त्याने तेथे जाहीरपणे सांगितले.

ज्याला लपवण्यासारखे काही नाही त्याने भय का बाळगावे, असा प्रश्न हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने केला जातो. आपला आहार, आपले आजार, आपले मोह, पत्नीशी झालेले कलह, हे सारे ज्याने छापून जगापुढे ठेवले, त्याच्याइतका उघडा माणूस या देशाने क्वचितच पाहिला असेल. तरीही सक्तीचे ठसे देण्यापेक्षा त्याने तुरुंग पत्करला. आणि सेवाग्रामात सोमवारी तो मौन पाळी, तेव्हा त्या दिवशीच्या त्याच्या शब्दांवर व्हाइसरॉयचाही हक्क नसे. तेव्हा खासगीपण म्हणजे लपवालपवी नव्हे. स्वतःविषयीचे काय, कोणाला, केव्हा द्यावे, हे ठरवणारा मी आहे, ही जाणीव म्हणजे खासगीपण. आणि ती चोराइतकीच साधूलाही लागते, किंबहुना साधूला अधिक लागते, कारण ज्याला नाही म्हणण्याची मुभाच नाही त्याच्या होकाराला धर्मात काही किंमत उरत नाही. पवनारहून निघालेल्या विनोबांनी १९५१ पासून गावोगाव जमीन मागितली ती याच श्रद्धेने की हिसकून घेतलेले ते दान नव्हे.

आश्रमाच्या प्रार्थनेत एकादश व्रते म्हटली जात, त्यांत अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, आणि अपरिग्रह, म्हणजे साठा न करणे, ही दोन आहेत. येरवड्याच्या तुरुंगातून १९३० साली लिहिलेल्या पत्रांत गांधींनी अस्तेयाचा अर्थ फार पुढे नेला: ज्या वस्तूची आपल्याला गरज नाही ती, धन्याच्या परवानगीने घेतली तरीही, चोरीच होय. माझ्या मते राज्यसंस्थेने माहिती कोणत्या मर्यादेत घ्यावी याविषयी आजवर जे काही बोलले गेले आहे, त्यात याहून कठोर व याहून नेमकी कसोटी दुसरी नाही. धान्य देण्यासाठी घेतलेला ठसा दुसऱ्या कामाला लावणे हे स्तेय आहे, आणि उद्या कधीतरी उपयोगी पडेल म्हणून दप्तरात साठवून ठेवणे हा परिग्रह आहे, मग ते साठवणारे दप्तर सरकारचे असो की सावकाराचे.

आधारची सुरुवातही महाराष्ट्रातलीच. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिले क्रमांक दिले गेले. दहा बोटे, दोन्ही बुबुळे आणि चेहरा यांच्या मोबदल्यात बारा अंकांचा क्रमांक मिळू लागला, आणि त्यासाठीचा कायदा मात्र २०१६ साली झाला. म्हणजे जवळजवळ सहा वर्षे रयतेची देहचिन्हे कायद्याच्या आधाराशिवाय गोळा होत राहिली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. पुढच्या वर्षी २६ सप्टेंबरला पाच जणांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायम राखले, परंतु खासगी कंपन्यांना ते वापरू देणारी कलम ५७ मधील तरतूद काढून टाकली; न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी मात्र सबंध कायदाच घटनाबाह्य ठरवणारे भिन्नमत लिहिले. त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीने बँका आणि दूरध्वनी कंपन्या यांच्यासाठी ते दार ‘ऐच्छिक’ म्हणून पुन्हा उघडले.

देहचिन्ह चोरीला गेले तर त्याला इलाज नाही, ही या व्यवहारातील सर्वांत गंभीर गोष्ट आहे. कुलूप बदलता येते, खूणशब्द बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. तेलंगणात २०१८ साली एका इसमाने जमिनीच्या नोंदणीकृत दस्तऐवजांवरील ठसे संकेतस्थळावरून उतरवून त्यांचे नकली अंगठे तयार केले आणि त्यांवर परक्यांच्या नावाने सिमकार्डे चालू केल्याचे उघडकीस आले. आपल्याकडेही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखतावर ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’ असे लिहून ज्या अडाणी आजीने आपली खूण उमटवली, तिने ती खूण एका व्यवहारापुरती दिली होती. ती आपल्या बँकखात्याची किल्लीही होईल असे तिला कोणी सांगितले नव्हते.

आणि किल्ली तरी कशी! देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर या तालुक्यांतील कापूस वेचणाऱ्या बायांचे हात एकदा जवळून पाहावेत. उकललेल्या बोंडाची वाळलेली टोके सुईसारखी तीक्ष्ण असतात. दिवसभर कापूस ओढून बोटांची अग्रे चिरतात, त्यांवर घट्टे पडतात, आणि रेषा झिजून गुळगुळीत होतात. अशी बाई रास्त भाव दुकानात यंत्रावर अंगठा ठेवते, पुसून पुन्हा ठेवते, पदराने कोरडा करते, दुसरे बोट लावते. आणि दुकानदार म्हणतो, ‘बाई, अंगठा लागत नाही.’ तेराव्या अध्यायात गीतेने देहाला क्षेत्र म्हटले आणि त्या क्षेत्राला जाणणारा निराळा सांगितला. येथे मात्र क्षेत्राने साक्ष दिली नाही म्हणून क्षेत्रज्ञालाच परत पाठवले जाते, आणि तेही कष्टाने झिजलेल्या क्षेत्राबद्दल. अंगठा लागला नाही तरी अन्य पुराव्यावर धान्य द्यावे असे न्यायालयाने बजावले आहे. ही पर्यायाची सोय प्रत्येक दुकानावर ठळक अक्षरांत लिहिलेली असली पाहिजे.

बोगस शिधापत्रिकांनी गरिबाचे धान्य खाल्ले, हे मी नाकारत नाही. ओळख पटवण्याचा राज्याला अधिकार आहे, हेही मान्य करतो. परंतु जोहान्सबर्गच्या कढईत जे जळाले ते आज जाळता येईल काय, हे मात्र विचारलेच पाहिजे. प्रौढ नागरिकाला आधारमधून बाहेर पडण्याची वाट कायद्याने ठेवलेली नाही. ती आहे फक्त मुलांना: २०१९ च्या दुरुस्तीनुसार, लहानपणी आईबापांच्या संमतीने नोंदवलेला मुलगा वा मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर सहा महिन्यांच्या आत आपला क्रमांक रद्द करण्याचा अर्ज करू शकते. ही मुदत ठाऊक असलेला विद्यार्थी मला अद्याप भेटलेला नाही. वर्धा जिल्ह्यातील प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने ती बारावीच्या वर्गात वाचून दाखवावी, रद्द केल्यास कोणत्या सवलती अडतील तेही सांगावे, आणि निर्णय त्या मुलांवर सोडावा.