जाणत्याचें मौन

जुन्या बाजारांत मिळालेला एखादा चाकू कोठला व केव्हांचा हें ओळखून काढणें हा फावल्या वेळचा निरुपद्रवी छंद समजला जातो. चाकू विकत घेऊन घरीं आणल्यावर ओळख पटली, तर तो निरुपद्रवी आहेच. परंतु दुकानापुढें उभें असतांनाच ती पटली, तर मात्र नीतीचा एक प्रश्न समोर येतो. आणि तो अजाण माणसाला कधींच पडत नाहीं.

इंग्लंडांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून फळें कापण्यासाठीं लहानसे मिटते चाकू होत असत. त्यांची मूठ बहुधा शिंपल्याची व पातें चांदीचें असे. कारण फळांतील आम्लानें पोलाद काळें पडतें आणि त्याची चव फळाला लागते. असा एखादा चाकू काळवंडलेल्या स्थितींत आपल्याकडे कुलुपें, कड्या व चष्म्यांच्या दांड्या यांच्या ढिगांत येऊन पडतो, तेव्हां विकणारा त्याला मोडींत काढतो. पण पात्याच्या बुडाशीं भिंग धरून पाहावें. चालता सिंह दिसला, तर चांदी हजारांत ९२५ भाग शुद्ध. मुकुट दिसला, तर कसोटी शेफील्डच्या कचेरींत झालेली. ही कचेरी १७७३ सालीं स्थापन झाली, आणि १९७४ पर्यंत मुकुट हीच तिची खूण होती. एक सुटें अक्षर असतें, त्यावरून वर्ष निघतें. राजाचें वा राणीचें मस्तक म्हणजे कर भरल्याची पावती. हा कर १८९० सालीं उठला, तेव्हां व्हिक्टोरिया राणीचें मस्तक असलेला चाकू त्यानंतरचा नव्हे. शेवटीं कारागिराचीं आद्याक्षरें. तिळाएवढ्या पांच ठशांत सगळी जन्मपत्रिका! जर्मन सिल्व्हरवर मुलामा दिलेल्या वस्तूंवरही ई. पी. एन. एस. हीं अक्षरें अशा थाटांत ठोकलेलीं असतात कीं नवशिका हटकून फसतो. पण तें असो.

आतां विकणारा दोनशें रुपये मागतो आहे, आणि नुसत्या चांदीचेच त्याहून अधिक होतील हें आपणांस कळलें आहे. बोलावें कीं न बोलावें?

कायदा येथें निश्चिंत आहे. १८७२ च्या आपल्या कराराच्या कायद्याचें सतरावें कलम केवळ मौनाला सहसा कपट मानीत नाहीं; भावांतील बदलाची खाजगी बातमी असलेल्या व्यापाऱ्यानें ती दुसऱ्या व्यापाऱ्यास सांगितलीच पाहिजे असें नाहीं, असा दृष्टांतही तेथें दिला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १८१७ सालीं तंबाखूच्या एका खटल्यांत हेंच म्हटलें. तेथें खरेदीदाराला तहाची बातमी आधीं कळली होती. मात्र विकणाऱ्यानें ‘कांहीं नवी बातमी?’ असें विचारलें होतें. म्हणून त्यांत फसवणूक झाली कीं काय, हें ज्यूरीनें ठरवावें असें सांगून न्यायालयानें खटला परत पाठविला.

मौनाच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. ठसे वाचण्याची विद्या फुकट येत नाहीं, आणि जाणता गिऱ्हाईक नसता तर तो चाकू सराफाच्या मुशींत गेला असता. शिवाय रोज हाच धंदा करणाऱ्या दुकानदारानें तरी एखाद्या घरची पेटी उघडून आंत काय आहे हें सांगितलें होतें काय? त्यानें ती वजनावर उचलली. त्याला सत्य सांगितल्यानें मूळ मालकाच्या पदरांत कांहींच पडत नाहीं. अशा दुकानदारापुढें गप्प राहणाऱ्यास मी दोष देणार नाहीं.

पण माणूस नुसता गप्प राहतो कोठें? तो चाकू खालीं टाकतो, एखादें कुलूप उचलतो, त्याची घासाघीस करतो, आणि जातां जातां म्हणतो, “हा मोडका चाकू कितीला? मुलाला खेळायला होईल.” हें मौन नव्हे. हातांनीं व चेहऱ्यानें बोललेलें तें असत्य आहे. आणि येथें त्या ठशांचाही विचार केला पाहिजे. ज्याला धातु पारखतां येत नाहीं तो नाडला जाऊं नये, एवढ्याचसाठीं ते ठोकण्यांत आले. अजाणाच्या रक्षणासाठीं कोरलेला सिंह अंगठ्याखालीं दाबून अजाणालाच लुबाडणें हें मला साध्या चोरीपेक्षां ओंगळ वाटतें.

सिसेरोनें कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथांत स्केव्होला नांवाच्या रोमनाची हकीकत दिली आहे. जमीन घेतांना त्यानें एकच किंमत सांगावयास लावली, ती ऐकली, आणि ‘माझ्या मतें ही जमीन अधिक मोलाची आहे’ असें म्हणून वर एक लक्ष सेस्टर्स दिले. हें सज्जनाचें कृत्य खरें, पण शहाण्याचें नव्हे, असें लोक म्हणत; सज्जन वेगळा आणि शहाणा वेगळा मानणें हाच सगळा घात आहे, असें सिसेरोचें म्हणणें.

विकणारा दुकानदार नसून घरचीच बाई असली, सासऱ्यांची पेटी पुढें ठेवून ती म्हणाली, “भाऊ, तुम्हांला यांतलं कळतं, तुम्हीच काय तें सांगा,” तर स्केव्होलाइतका उदार नसलेल्यालाही पळवाट उरत नाहीं. तिनें आपला निर्णय त्याच्या हातीं सोंपविला आहे. मग तिला द्यावें किती? चांदीच्या वजनाचे तर दिलेच पाहिजेत. संग्राहकाच्या हौशीची किंमत कोण ठरविणार? तिच्याच हातीं भिंग द्यावें, सिंह व मुकुट दाखवावा, वर्षाचें अक्षर वाचून दाखवावें आणि भाव विचारावा. कदाचित् ती म्हणेल, “मग राहूं दे हो भाऊ, घरांतच असूं दे,” आणि चाकू पदराला पुसून आंत घेऊन जाईल.